परत उतरणारं पाणी

मुलुंड (पूर्व),
रविवार, २ मार्च १९८६

ती. स्व. सहदेवदादास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिहायला बसलं की नळ वाजतो. वाजतो म्हणजे नुसती हवा सोडतो. मी पेन टाकून बादली घेऊन धावते, तर वाटीभर गढूळ पाणी. आज रविवार आहे, म्हणून यांना नळापाशी बसवलंय आणि लिहितेय.

दादा, आमची पार वाट लागली आहे. गच्चीवरची टाकी पूर्वी पाऊण तासात भरायची. तू पंप बसवलास तेव्हाची गोष्ट. आता सकाळी सहाला पंप सुरू होतो तो नऊपर्यंत घरघरतो. मोटर इतकी तापते की हात लावता येत नाही. आणि दहाला गच्चीवर जाऊन बघावं तर टाकीचा तळ दिसतो! तिसऱ्या मजल्यावर आम्ही कोरडे. खालून बादल्या चढवून माझे गुडघे बोलायला लागलेत. दिवसभर कान नळाकडे. भाजी चिरताना, फडकं मारताना, अगदी देवाला हात जोडतानासुद्धा. जीव म्हणून थाऱ्यावर नाही.

सेक्रेटरी काशीराम राणे म्हणतात, नळांत दोष नाही, माणसांत आहे. तळमजल्यावर अंबादास सोनवणे राहतात ना, टेलिफोन खात्यातले, जालन्याकडचे, त्यांच्या नळाला दुपारीसुद्धा थोडी धार असते. त्यांची बायको शकु माझी चांगली मैत्रीण आहे. पण खरं सांगते, चौथी बादली चढवताना माझ्याही मनात येऊन गेलं, की हिच्याकडेच कसं येतं पाणी.

तुझी बातमी वाचून आम्हाला फार आनंद झाला. गावच्या नळपाणी योजनेवर देखरेखीला तुझं नाव सरपंचांनी घेतलं, म्हणजे गिरणी बंद पडल्याचं थोडंतरी उणं भरून निघेल. तू मागितलेलं प्रशस्तिपत्र यांनी राणेंकडून सहीशिक्क्यानिशी आणलं, ते सोबत आहे. काम चोख, एकही त्रुटी नाही, असं त्यात लिहिलंय. आता एवढं चोख काम करणाऱ्या माणसाने बहिणीला पाणी कुठे जातं तेवढं सांगावं.

जानकीवहिनीस नमस्कार. माया आहेच, पत्र मात्र लवकर धाड.

तुझी,
मालन


आंबेखोल, ता. कुडाळ,
१० मार्च १९८६

चि. मालनला,
सहदेवाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र आणि प्रशस्तिपत्र दोन्ही पोचलं. सरपंचांनी ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. पंचवीस एप्रिलला पंचायतीत बोलावणं आहे. तुझी वहिनी आत्तापासून माझा सदरा इस्त्री करत बसली आहे.

आता तुझं पाणी. बाय माझे, पाणी चोराने कमी आणि घरच्यांनी जास्त जातं. थेंब थेंब गळणारा नळ दिवसाला दोन बादल्या पितो. आतला वायसर झिजलेला असतो. नवा मिळाला नाही तर न्हाणीघरातल्या जुन्या चपलेचं रबर त्याच मापाने काप, वर्षभर चालेल. संडासाच्या फ्लशच्या टाकीत चिमूटभर नीळ टाक आणि साखळी न ओढता अर्धा तास थांब. खाली भांड्यात निळं उतरलं तर समज की ती टाकी रात्रंदिवस गळते आहे. असं घरोघरी बघ. आणि पालिकेचं पाणी पडतं त्या खालच्या टाकीतला तरंगता गोळा पाण्याबरोबर वर येतो की नाही, तेही बघ. तो अडकला तर पाणी वरून वाहून जातं.

दुसरं, तू आईसारखी कालचं पिण्याचं पाणी शिळं म्हणून रोज मोरीत ओततेस की नाही? नाही म्हणू नकोस, मी ओळखून आहे. पाणी काय भात आहे विटायला?

पंपखोलीची भिंत मात्र कुणाला फोडू देऊ नकोस. तिथे बघण्यासारखं काही नाही. उगाच फोडाफोड करून पाइप दुखावतील.

वहिनीने कोकमं बांधून ठेवली आहेत, कुणी येणारं भेटलं की पाठवतो. आमचे मेहुणे लवूराव यांस नमस्कार. तब्येतीला जप आणि भावावर राग धरू नकोस.

तुझा,
दादा


मुलुंड (पूर्व),
३० मार्च १९८६

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं, आणि सगळं अंगाशी आलं.

निळीची पुडी घेऊन मी बाराही घरी गेले. बारापैकी नऊ घरच्या फ्लशच्या टाक्या गळत होत्या. पहिल्या मजल्यावरच्या आजींना वाटलं मी काहीतरी करणी करतेय. यांच्या दोन चपला आणि माझी एक, एवढ्यांचे वायसर झाले. आता आमच्या न्हाणीघरात एकच चप्पल आहे, तीही डावी. मुलं मला मालन प्लंबर म्हणतात. इमारतीत आता थेंब गळत नाही, अगदी झकास. शिळं पाणीसुद्धा ओतत नाही मी, कबूल.

पण पंप तरीही तीन तास चालतोच, आणि टाकी दहाला रिकामीच. मग लोक म्हणायला लागले, आता कुठेच गळत नाही, म्हणजे कुणीतरी नेतंय. बघ, मी गळती थांबवली आणि संशयाला वाट करून दिली.

गेल्या रविवारी सभा झाली. सभेतून उठून सगळे तडक अंबादासभावजींच्या स्वयंपाकघरात शिरले. वर जाणारा पंपाचा पाइप त्यांच्या भिंतीमागून जातो. पंप बंद केल्यावर राणेंनी भिंतीला कान लावला, तर आत पाणी वाहतंय! राणे म्हणाले, इथे चोरून जोड घेतलाय. ओट्याच्या फरशा उखडल्या. काही सापडलं नाही, तर म्हणाले जोड आणखी खोल असेल. दहा एप्रिलपर्यंत कबूल करा, नाहीतर तुमचा नळ बंद, असं ठरलं. त्या कागदावर यांचीही सही आहे. मी विचारलं तर म्हणाले, सगळ्यांनी केली.

मोठ्याने कुणी जातीचं नाव घेतलं नाही. जिन्यात मात्र ही माणसं, ही माणसं असं चाललं होतं, आणि कुठली माणसं हे सगळ्यांना कळत होतं. अंबादासभावजी शांतपणे एवढंच म्हणाले, की त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावता येत नसे, कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळीने प्यायचं. स्वतःच्या घरात स्वतःचा नळ असावा म्हणून त्यांनी हा ब्लॉक घेतला. तो नळ ते चोरीने कशाला चालवतील?

शकु आता माझ्यासाठी दार उघडत नाही. आत असते, बांगड्या वाजतात, पण उघडत नाही. माझ्याही मनात तसंच येऊन गेलं होतं, हे तिला कळलं असेल का रे? मला लाज वाटते.

त्या भिंतीत पंप बंद झाल्यावर कुठलं पाणी वाहतं, ते मला सांग. हे म्हणतात पाइप थंड होताना आवाज येतो. मला नाही पटत. उलट टपाली लिही, इथे एक दिवस सरत नाही.

वाट पाहणारी,
मालन


आंबेखोल,
७ एप्रिल १९८६

चि. मालनला,
अ. आ. वि. वि.

पत्र दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं.

एक लांब काठी घे. पंप बंद झाला की खालच्या टाकीत उभी बुडव आणि ओल कुठवर आली तिथे खडूने खूण कर. दोन तासांनी पुन्हा बुडव. पालिकेचं पाणी बंद असताना ओल वर चढली, तर वर चढवलेलं पाणी त्याच पाइपाने परत खाली येतं आहे. तू हे केल्याशिवाय राहणार नाहीस आणि ओल चढलेली दिसेल, म्हणून मीच आधी सांगतो.

आपल्या इमारतीत पंपाचा पाइप गच्चीवरच्या टाकीला खालून जोडला आहे. अशा पाइपावर पाणी उलटं फिरू न देणारा व्हॉल्व्ह लागतो. वर जाताना उघडतो, परत येताना मिटतो. वास्तुशांतीच्या आदल्या दिवसापर्यंत तो दुकानात आला नव्हता. अक्षय तृतीयेचा मुहूर्त होता. भटजी म्हणाले, घरच्या नळाचं पाणी कलशात पडल्याशिवाय पूजा पुढे जायची नाही. बिल्डर डोक्यावर उभा, राणे घड्याळ बघतायत. मी व्हॉल्व्हच्या जागी पाइपाचा साधा तुकडा घातला, सोमवारी बदलीन म्हणून. पाणी आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगारी मागेच थांबला होता, त्याने तेवढ्यात गिलावा केला. कामाच्या यादीत मी व्हॉल्व्ह बसवला असं आधीच लिहिलं होतं. सोमवारी गिरणीत जादा पाळी लागली. मग भिंत फोडायला कुणाला सांगू, म्हणून राहिलं. पंपाच्या तळाशी एक लहान व्हॉल्व्ह असतो, इतकी वर्षं त्याने भार पेलला. आता त्याचं कातडं झिजलं असणार. पाणी उतरलं की पंपात हवा शिरते, मग तो तीन तास नुसता घरघरतो आणि थोडंच पाणी चढवतो.

सांताक्रूझला माझा गिरणीतला सोबती गुणाजी राहतो. त्याला लिहिलं आहे. राणे कचेरीत गेले की एका दुपारी येईल, भिंत फोडून व्हॉल्व्ह बसवील, वर गिलावा करील. पाणी येऊ लागलं की सगळे भांडण विसरतील. कुणाला काही सांगू नकोस. लवूरावांनी शब्द टाकून मला ते काम दिलं होतं, त्यांची मान खाली जाईल. आणि पंचवीस तारीख जवळ आली आहे. या वयात मला पुन्हा कोण काम देणार?

एवढं ऐक माझं.

तुझा,
दादा


मुलुंड (पूर्व),
१६ एप्रिल १९८६

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला तो रीत म्हणून.

काठी बुडवली. दोन तासांत ओल वीतभर चढली. ती काठी घेऊन मी राणेंकडे गेले. ते हसले. म्हणाले, बायकांना काठ्या बुडवून इंजिनियर होता येत नाही. मग फाइल काढून तुझ्या हातची यादी माझ्यापुढे धरली. सातवी ओळ, व्हॉल्व्ह बसवला, खाली तुझी सही. म्हणाले, तुमच्या सख्ख्या भावाने लिहिलंय, पाणी परत येईलच कसं? मी तुझं नाव घेऊ शकले नाही, दादा.

शुक्रवारी अकरा तारखेला अंबादासभावजींचा नळ बंद केला. पाइपाला बूच मारलं. सोमवारी चौदा तारीख. जयंतीला त्यांच्याकडे गावची पंधरा माणसं आलेली, आणि शकु नवं लुगडं नेसून फाटकाजवळच्या नळावर हंडा घेऊन उभी. रांगेतल्या बायका जरा सरकून उभ्या राहिल्या. मी गच्चीवरून पाहत होते. खाली गेले नाही.

मंगळवारी तुझा गुणाजी पिशवी घेऊन आला. मी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. का ते सांगते, नीट वाच. आता गुपचूप व्हॉल्व्ह बसवला तर दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर धो धो पाणी येईल. आणि सगळी इमारत काय म्हणेल? बघा, सोनवण्यांचा नळ तोडला आणि पाणी आलं! तुझ्या व्हॉल्व्हने ते जन्माचे चोर ठरतील. हे तुझ्या लक्षात आलं नाही, की आलं आणि तू पुढे लिहीत गेलास?

हे म्हणतात, भावाच्या पोटावर पाय देऊ नकोस. तीन दिवस मी यांच्याशी बोललेले नाही. तुझ्या पोटाची काळजी मला नाही का? गिरणी बंद झाली तेव्हा तू उपाशी राहून माझ्या बाळंतपणाला तूप आणलंस, ते मी विसरले नाही.

सत्तावीसला रविवारी सभा आहे. अंबादासभावजींनी मानखुर्दला भाड्याची खोली बघून ठेवली आहे, त्या सभेत ते ब्लॉक विकतोय म्हणून सांगणार. तुझ्या हातचं आणि तुझ्या सहीचं पत्र हवं. ते येईपर्यंत मी व्हॉल्व्ह बसवू देणार नाही. चढवीन बादल्या. तू पाठवलं नाहीस तर मी उठून सांगेन, पण मग ते बहिणीने सांगितलेलं असेल, तू सांगितलेलं नसेल.

याहून जास्त लिहवत नाही. लोभाचं तू ठरव.

मालन


आंबेखोल,
२३ एप्रिल १९८६

चि. मालनला,
आशीर्वाद.

आलं होतं लक्षात. तू विचारलंस म्हणून सांगतो. आलं होतं, आणि तरी पुढे लिहिलं.

तुझं पत्र आल्यापासून घरात माझा पाय ठरत नव्हता. माडाला पाणी घालायला जाई आणि रिकामी कळशी घेऊन परत येई. तुझ्या वहिनीने शेवटी पत्र हातातून काढून घेतलं आणि वाचलं. ती म्हणाली, पाण्याचा खोटेपणा आपल्या दारात नको, उपाशी राहू. काल सकाळी सरपंचांना भेटून प्रशस्तिपत्र परत घेतलं आणि कारणही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, दुसरा माणूस बघतो. इस्त्रीचा सदरा घडी करून पेटीत ठेवला.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून एसटीने निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती हे देतो. सोबतचं पत्र सभेत वाचावं. गुणाजी रविवारी सकाळीच येईल. या वेळी त्याला जिन्यातून परत पाठवू नकोस.

तुझा,
दादा

(सोबतचं पत्र)

मा. सेक्रेटरी व सर्व सभासद, नवआधार सोसायटी, यांस
सहदेव बाबाजी गावकर याचा नमस्कार वि. वि.

आपल्या इमारतीचे नळकाम मी केले. कामाच्या यादीत सातव्या ओळीत व्हॉल्व्ह बसवला असे मी लिहिले आहे, ते खोटे आहे. मुहूर्त गाठण्यासाठी तेथे साधा पाइप घातला. पंपखोलीत दारामागची भिंत जमिनीपासून तीन फुटांवर फोडावी, दिसेल. वर चढवलेले पाणी त्यातून परत उतरते आणि पंपात हवा शिरते, म्हणून पंप तीन तास चालतो व टाकी राहत नाही. नळांच्या पाइपांत उरलेले पाणी सर्वांत खाली उतरते, म्हणून तळमजल्याच्या नळाला दुपारी थोडी धार असते. श्री. अंबादास सोनवणे यांनी पाणी घेतलेले नाही. कोणीच घेतलेले नाही. दोष सर्वस्वी माझा. त्यांच्यावर आळ आल्याचे सात एप्रिलला मला माहीत होते आणि तरी मी गप्प राहिलो, हाही दोष माझाच. हे पत्र फाइलमध्ये यादीच्या वर लावावे.

आपला,
स. बा. गावकर


मुलुंड (पूर्व),
२८ एप्रिल १९८६

ती. स्व. दादास,
मालनचा शि. सा. न. वि. वि. आणि आज तो मनापासून.

राणे म्हणाले, पत्र मी घरी वाचीन, सभेपुढे जुनी प्रकरणं नकोत. तेव्हा हे उठले. माझा नवरा, दादा, ज्याला जिन्यात कुणी हाक मारली तरी घाम फुटतो! यांनी राणेंच्या हातातून पत्र घेतलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग स्वतःच्या सहीचा तो कागद मागून घेतला आणि म्हणाले, माझं नाव खोडा.

गुणाजीने सगळ्यांसमोर भिंत फोडली. आत तुझा साधा तुकडा, गंजून लाल झालेला. दुपारी नवा व्हॉल्व्ह बसला आणि तळचा झिजलेलाही बदलला. आज पंप पन्नास मिनिटांत बंद केला, आणि आत्ता संध्याकाळचे पाच वाजलेत तरी माझ्या नळाला पाणी आहे. बायका आनंदाने गोधड्या धुतायत. पण तळमजल्यावर जाऊन चुकलो म्हणणारं कुणी नाही. राणेंनी नळ जोडायला माणूस पाठवला, एवढंच. अंबादासभावजींनी त्याला दारातून परत लावलं.

मी गेले. शकुने दार उघडलं. मी रडले, ती रडली नाही. माझ्याही मनात आलं होतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तिला माहीत होतं. मग बस म्हणाली. बसले.

भावजींनी तुझा पत्ता मागितला. कशाला ते सांगितलं नाही. मी दिला.

वहिनीच्या पाया पडते. तुझ्यावर माझा जीव आहे, हे या सगळ्यात लिहायचं राहूनच गेलं होतं.

तुझीच,
मालन


मुलुंड (पूर्व),
४ मे १९८६

श्री. सहदेव गावकर यांस,
अंबादास सोनवणे याचा सप्रेम जयभीम वि. वि.

आपलं पत्र सभेत ऐकलं. त्याची नक्कल करून घेतली आहे. ते लिहून आपण हातचं काम गमावलंत, असं मालनताईंकडून कळलं. त्याची मला जाणीव आहे, म्हणून हे लिहितो.

तरीही आभार मानत नाही, राग नसावा. आपल्याला माहीत असूनही आपण गप्प होता, ते सोळा दिवस आम्ही या इमारतीत काढले. माझी मुलगी सातवीत आहे. आपण खरंच पाणी चोरतो का, असं तिने मला एका संध्याकाळी विचारलं. मी नाही म्हणालो. तिने मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे खेळायला गेली नाही. अजून जात नाही.

ब्लॉक विकायचा विचार सोडला. आपलं पत्र आल्यावर गेलो असतो, तर तेही पळून गेल्यासारखंच झालं असतं.

नळ अजून बंद आहे. सोसायटीचा माणूस दोनदा येऊन गेला, मी हात लावू दिला नाही. शकु फाटकाजवळून भरते, तिची त्याला हरकत नाही. नळ आपण येऊन जोडावा. दिवसाउजेडी, रविवारी, सगळे घरी असताना. राणेंना मी तसं कळवलं आहे. आपलं जाण्यायेण्याचं भाडं मी देईन, त्यात संकोच नको.

नळ जोडून झाला की पहिला तांब्या माझी मुलगी भरील. तो आपण आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, तिच्या हातून घेऊन, तिच्यासमोर प्यावा. एवढंच मागणं आहे.

कोणत्या रविवारी येता ते कळवावं.

आपला,
अंबादास सोनवणे